फिलिपिन्स अमेरिकेच्या गळ्यात आपोआप पडले का? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

विचारलेला प्रश्न असा आहे : अमेरिकेने स्पेनशी १८९८ साली युद्ध केले ते क्यूबासाठी, मग त्याच्या शेवटी आठ हजार मैलांवरचे फिलिपिन्स तिच्याकडे कसे आले? ते योगायोगाने गळ्यात पडले असे काही पुस्तकांत लिहिलेले असते, ते खरे मानावे काय? आणि जो देश स्वतः परकी राजवट झुगारून जन्माला आला, त्याच्या राज्यघटनेत वसाहतींना जागा मिळाली तरी कशी?

आधुनिक जगाचा इतिहास शिकवण्यात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली आणि या काळावरच्या उत्तरपत्रिका मी ढिगाने तपासल्या आहेत. त्यांत बहुधा तीन कारणे ठरलेली असतात : कच्चा माल, बाजारपेठ आणि पीतपत्रकारिता, म्हणजे भडक बातम्या छापणारी वृत्तपत्रे. तिन्ही पूर्ण खोटी नाहीत, पण तिन्ही मिळूनही वरच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. माझे उत्तर थोडक्यात सांगायचे तर असे की, मनिलाच्या उपसागरात अमेरिकी आरमार जाणे हा लष्करी आराखड्याचा भाग होता आणि त्यानंतरचे प्रत्येक पाऊल वॉशिंग्टनमध्ये जाणूनबुजून उचलले गेले. राहिला राज्यघटनेचा प्रश्न. घटनेत वसाहतींसाठी वेगळी जागा मुळात नव्हती. ती १९०१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जकातीच्या खटल्यात तयार केली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत टिकाऊ भाग तोच आहे, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला एक ओळही मिळत नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेचा विस्तार १८९८ साली सुरू झाला नाही. मूळ रहिवाशांच्या जमिनी, १८४८ च्या तहाने मेक्सिकोकडून मिळवलेला प्रचंड मुलूख, १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरला घेतलेले अलास्का, हे सगळे आधीचेच. परंतु या जुन्या विस्ताराला एक रीत होती. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यापासून असे गृहीत धरले जात होते की, नव्याने घेतलेला मुलूख काही काळ केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश म्हणून राहील, तिथे वस्ती वाढेल आणि यथावकाश तो इतरांच्या बरोबरीचे राज्य म्हणून संघात येईल. वाट कितीही लांबली तरी शेवटी दार उघडे होते. पुढे १८९८ मध्ये जे प्रदेश घेतले गेले त्यांतल्या बहुतेकांपुढे असे दारच ठेवले नव्हते, आणि साम्राज्य हा शब्द इथे नेमका लागू होतो तो त्यामुळे.

आता पार्श्वभूमी. १८९० च्या जनगणनेनंतर जनगणना खात्याने जाहीर केले की पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्तीची सलग सीमारेषा आता उरलेली नाही. १८९३ साली मोठी आर्थिक मंदी आली, बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, आणि देशात तयार होणारा माल देशात खपत नाही, म्हणून बाहेरचे बाजार हवेत, अशी भाषा उद्योगपती आणि राजकारणी बोलू लागले. हे सर्व पुस्तकांत असते. मात्र चीनच्या बाजारपेठेविषयी लिहिताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या काळात चीनशी होणारा अमेरिकेचा प्रत्यक्ष व्यापार अगदी किरकोळ होता. सिनेटर बेव्हरिज यांनी जानेवारी १९०० मध्ये सिनेटमध्ये फिलिपिन्सच्या पलीकडच्या चीनच्या अमर्याद बाजारांचे जे चित्र रंगवले, ते उद्याच्या आशेचे होते. धोरणे पुष्कळदा हातातल्या नफ्यापेक्षा अशा आशेवरच ठरतात, म्हणून तिला कमी लेखू नये. पण तिला आकडेवारीचा आधार होता असेही समजू नये.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कोळशाची गोष्ट. आरमारी अधिकारी आल्फ्रेड महान यांनी १८९० साली सागरी सत्तेच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट, राजकारणी हेन्री कॅबट लॉज यांच्यासारखी मंडळी त्याने भारावून गेली. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळत असे. वाफेच्या पोलादी युद्धनौकेला ठरावीक अंतरावर कोळसा भरावाच लागतो, आणि युद्धाच्या काळात तटस्थ देश आपल्या बंदरात शत्रूला किंवा मित्राला मुक्तपणे कोळसा भरू देत नाहीत. म्हणजे ज्या देशाची स्वतःची कोळसा भरण्याची ठाणी नाहीत, त्याचे आरमार किनाऱ्याला बांधलेले राहते. आता नकाशा पुढे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोपासून पश्चिमेकडे बोट फिरवावे : हवाई, मिडवे, वेक, ग्वाम, मनिला. मिडवे १८६७ सालीच घेतलेले होते, वेक १८९९ मध्ये ताब्यात आले. उरलेली तिन्ही ठिकाणे १८९८ या एकाच वर्षातली. ही साखळी पाहिल्यावर योगायोगाची गोष्ट पटायला जड जाते.

हवाईचे प्रकरण थोडक्यात सांगतो. तिथे अमेरिकी वंशाच्या ऊसमळेवाल्यांचे वजन वाढले होते. १८७५ च्या व्यापारी करारामुळे त्यांची साखर अमेरिकेत शुल्काशिवाय जात असे. १८८७ साली पर्ल हार्बरच्या वापराचा खास हक्क अमेरिकेला मिळाला. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने सगळ्याच परदेशी कच्च्या साखरेवरचे शुल्क काढले आणि देशांतर्गत साखरेला पौंडामागे दोन सेंटचे अनुदान दिले, त्याबरोबर हवाईच्या मळेवाल्यांची सवलत निकामी झाली. देशांतर्गत व्हायचे असेल तर देशात जाणे हाच मार्ग उरला. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले, आणि त्या वेळी ‘बॉस्टन’ या अमेरिकी युद्धनौकेवरचे १६२ खलाशी व सैनिक होनोलुलूत उतरलेले होते. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सामिलीकरणाचा तह मागे घेतला, चौकशी करवली आणि घडले ते अन्यायाचे होते असे सांगितले. पुढे १८९७ मध्ये पुन्हा तह आला तेव्हा एकवीस हजारांहून अधिक हवाईवासीयांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. सिनेटमध्ये तहासाठी दोन तृतीयांश मते लागतात आणि ती जमत नव्हती. शेवटी स्पेनशी युद्ध चालू असताना, जुलै १८९८ मध्ये, तहाऐवजी दोन्ही सभागृहांचा साध्या बहुमताचा संयुक्त ठराव करून हवाई घेतले गेले. युद्धाने इथे कारण पुरवले नाही. अडलेल्या कामाला वाट करून दिली.

क्यूबाकडे वळू. तिथे १८९५ पासून स्पेनविरुद्ध उठाव चालू होता. स्पॅनिश जनरल वेलर यांनी ग्रामीण जनतेला तटबंदीच्या छावण्यांत कोंबले आणि रोगराईने व उपासमारीने तिथे माणसे मोठ्या संख्येने मेली. अमेरिकी वृत्तपत्रांनी या बातम्या तिखटमीठ लावून छापल्या हे खरे, पण मुळात सांगण्यासारखी भीषण गोष्ट होतीच. ‘तुम्ही चित्रे पाठवा, युद्ध मी पुरवतो’ अशी तार वृत्तपत्रमालक हर्स्ट यांनी आपल्या चित्रकाराला केल्याची कथा तर उत्तरपत्रिकांत हमखास येते. अशी तार कोणालाही सापडलेली नाही आणि हर्स्ट यांनी ती नाकारली होती. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. तेव्हाच्या चौकशीने पाणसुरुंगाकडे बोट दाखवले. १९७६ साली अॅडमिरल रिकोव्हर यांनी केलेल्या फेरतपासणीत मात्र कोळशाच्या कोठीतल्या आगीने शेजारचा दारूगोळा पेटला असावा, असा निष्कर्ष निघाला. एप्रिलमध्ये युद्ध पुकारताना अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, टेलर दुरुस्ती मंजूर केली. तिच्यात, क्यूबावर सत्ता गाजवण्याचा आपला इरादा नाही, असे स्पष्ट वचन होते. हे वचन नीट लक्षात ठेवावे, कारण ते फक्त क्यूबापुरते होते. फिलिपिन्सचे नाव त्यात नव्हते, आणि पुढे घालायची वेळ आली तेव्हा ते घातले गेले नाही.

मनिलाच्या मोहिमेचे श्रेय किंवा दोष बहुधा एकट्या रूझवेल्ट यांना दिला जातो. ते तेव्हा नौदल खात्याचे उपमंत्री होते, मंत्री कार्यालयात नसताना २५ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांनी हाँगकाँगला असलेले आरमारप्रमुख कोमोडोर ड्यूई यांना तयारीची तार केली, आणि तिथून सारे घडले, अशी ती हकीकत आहे. ती रंजक आहे, अपुरीही आहे. स्पेनशी युद्ध झाल्यास मनिलातल्या स्पॅनिश आरमारावर चाल करावी, हे नौदलाच्या आराखड्यांत १८९६ पासूनच होते. आणि मंत्री कामावर परतल्यावर त्यांनी ती तार रद्द केली नाही. १ मे रोजी ड्यूई यांनी काही तासांत स्पॅनिश आरमार नष्ट केले. इथपर्यंत ही लढाईची नेहमीची चाल म्हणता येईल. शत्रूची जहाजे बुडवून परत फिरता आले असते. परंतु २५ मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून फौजेची पहिली तुकडी निघाली, आणि वाटेत तिने ग्वामही घेतले. (ग्वामच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना युद्ध सुरू झाल्याचा पत्ताच नव्हता. अमेरिकी तोफांना ते सलामी समजले आणि परतसलामीला आपल्याकडे दारू नाही म्हणून दिलगिरी व्यक्त करायला जहाजावर गेले.) आरमार बुडवण्यासाठी पायदळ लागत नाही, पायदळ लागते ते जमीन धरून ठेवण्यासाठी.

इकडे फिलिपिन्समध्ये स्पेनविरुद्धचा लढा अमेरिकेच्या येण्याआधीपासून, १८९६ पासून, चालू होता. त्याचे नेते एमिलियो अगिनाल्दो हाँगकाँगमध्ये होते, त्यांना मे महिन्यात अमेरिकी जहाजानेच परत आणले गेले. १२ जून १८९८ रोजी कावित येथे त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि त्यांच्या फौजांनी मनिलाला जमिनीकडून वेढा घातला. ऑगस्टमध्ये जे घडले ते वर्गात सांगितले की मुलांचा विश्वास बसत नसे. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने बेल्जियमच्या वाणिज्यदूतामार्फत अमेरिकी सेनापतींशी बोलणे लावले आणि असे ठरले की, स्पेनची अब्रू राखण्यापुरती थोडी लढाई व्हावी, मग शहर अमेरिकेच्या स्वाधीन करावे, आणि फिलिपिनो सैन्याला आत येऊ देऊ नये. १३ ऑगस्टला ही नाटकी लढाई झाली. गंमत अशी की आदल्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीच्या मसुद्यावर सह्या झाल्या होत्या. पण समुद्रातली तार ड्यूई यांनी तोडलेली असल्यामुळे ती बातमी मनिलाला काही दिवसांनी पोचली. वेढा फिलिपिनोंनी घातला आणि किल्ल्या तिसऱ्याच्या हाती गेल्या.

मग पॅरिसला वाटाघाटी झाल्या. अध्यक्ष मॅकिन्ली यांनी सप्टेंबरमध्ये आपल्या प्रतिनिधींना दिलेल्या सूचनेत किमान लुझॉन बेट घ्यावे असे म्हटले होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मध्यपश्चिमेचा दौरा केला, विस्ताराच्या उल्लेखाला टाळ्या पडतात हे पाहिले, आणि महिनाअखेर तारेने कळवले की सर्व द्वीपसमूह घ्यावा. आपण रात्री गुडघे टेकून प्रार्थना केली आणि फिलिपिनोंना शिकवून सुधारण्यासाठी ती बेटे ठेवणे भाग आहे असा उजेड पडला, असे मॅकिन्ली यांनी म्हटल्याचे नेहमी सांगतात. ते शब्द छापून आले १९०३ मध्ये, म्हणजे त्यांच्या खुनानंतर वर्षाहून अधिक काळाने, आणि तेही दुसऱ्याच्या आठवणीतून. उजेड पडला असो वा नसो, सप्टेंबरची सूचना आणि ऑक्टोबरची तार या दोन कागदांतला फरक पुरेसा बोलका आहे. १० डिसेंबर १८९८ च्या तहाने स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स सोडले. फिलिपिनोंचे प्रतिनिधी फेलिपे अगोन्सिलो पॅरिसला हजर होते, पण त्यांना बैठकीत घेतले गेले नाही.

तहाला सिनेटची मान्यता मिळायची होती. ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाच्या हद्दीवर अमेरिकी पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि चकमक पेटली. दोन दिवसांनी, ६ तारखेला, सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला, म्हणजे लागणाऱ्या दोन तृतीयांशांपेक्षा फक्त एक मत जास्त. त्याच आठवड्यात किपलिंग यांची ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ ही कविता अमेरिकी वाचकांपुढे आली. मुंबईत जन्मलेल्या या कवीच्या या कवितेचा संबंध आपण सवयीने हिंदुस्थानशी लावतो, पण तिच्या उपशीर्षकातच अमेरिका आणि फिलिपिन्स यांची नावे आहेत. रूझवेल्ट यांना ती आधीच वाचायला मिळाली होती. कविता म्हणून सामान्य, पण विस्ताराच्या दृष्टीने शहाणपणाची, असा शेरा त्यांनी लॉज यांना कळवला.

आणि आता मला सर्वांत निर्णायक वाटणारी घटना. तह मंजूर झाल्यावर आठ दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, जॉर्जियाचे सिनेटर बेकन यांच्या दुरुस्तीवर मतदान झाले. फिलिपिन्समध्ये स्थिर सरकार उभे राहताच त्यांना स्वातंत्र्य द्यावे, असे क्यूबासारखेच वचन तिच्यात होते. मते पडली २९ विरुद्ध २९. उपाध्यक्ष होबार्ट यांनी आपले निर्णायक मत विरोधात टाकले आणि दुरुस्ती पडली. क्यूबाला दिलेले वचन फिलिपिन्सला देण्याचा प्रस्ताव समोर होता, त्यावर मोजून मतदान झाले आणि तो नाकारला गेला. गळ्यात पडलेल्या गोष्टीवर असे मतदान होत नसते.

त्यानंतरचे युद्ध स्पेनशी झालेल्या लढाईपेक्षा कितीतरी लांबले. सव्वा लाखाच्या आसपास अमेरिकी सैनिक तिथे लढून आले, चार हजारांहून अधिक मेले. फिलिपिनो सैनिकांपैकी वीसेक हजार पडले असे मानतात. नागरिकांच्या मृत्यूंचा अंदाज दोन लाखांचा किंवा त्याहून पुढचा आहे, त्यांतले बहुतेक दुष्काळाने आणि पटकीसारख्या रोगांनी मेलेले. कैद्याला आडवे पाडून तोंडात बळजबरीने पाणी ओतायचे आणि पोट फुगले की दाबायचे, या छळाला सैनिकांच्या बोलीत ‘पाण्याचा उपचार’ म्हणत. १९०२ साली सिनेटच्या समितीपुढे त्याच्या साक्षी झाल्या, आणि फिलिपिन्सचे गव्हर्नर टाफ्ट यांनीही तो प्रकार काही वेळा घडल्याचे मान्य केले. समर बेटावर बालंगिगा येथे सप्टेंबर १९०१ मध्ये गावकऱ्यांनी अचानक हल्ला करून ४८ अमेरिकी सैनिक मारले. त्यावर जनरल स्मिथ यांनी दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला मारा आणि बेट उजाड करा असा हुकूम दिला. लष्करी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, शिक्षा मात्र समज देण्याची झाली आणि त्यांना निवृत्त करण्यात आले. बातांगास प्रांतात तर जनरल बेल यांनी जनतेला ठरावीक छावण्यांत आणून ठेवले. वेलर यांच्या याच पद्धतीचा संताप येऊन अमेरिका तीन वर्षांपूर्वी युद्धात उतरली होती. अगिनाल्दो मार्च १९०१ मध्ये पकडले गेले, ४ जुलै १९०२ रोजी रूझवेल्ट यांनी युद्ध संपल्याचे जाहीर केले. दक्षिणेतल्या मोरो मुसलमानांशी झटापटी १९१३ पर्यंत चालल्या.

अमेरिकेत विरोध नव्हता असे नाही. बॉस्टनमध्ये साम्राज्यविरोधी संघ स्थापन झाला. पोलादसम्राट कार्नेगी, कामगारनेते गॉम्पर्स, तत्त्वज्ञ विल्यम जेम्स आणि मार्क ट्वेन असे एरवी एकत्र न दिसणारे लोक त्यात होते. पण विरोधकांना सरसकट उदारमतवादी समजण्याची चूक करू नये. दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर टिलमन यांच्यासारख्यांचा विरोध इतक्याचसाठी होता की, लक्षावधी काळ्यासावळ्या माणसांना देशात घेतले तर ती उद्या नागरिकत्व आणि मत मागतील. हा मुद्दा इथे मुद्दाम मांडतो, कारण साम्राज्यवाद्यांनाही हीच चिंता होती. बेटे हवी होती, माणसे नको होती. हे जमवायचे कसे, हा खरा पेच होता, आणि तो न्यायालयात सुटला.

वृत्तपत्रांत तेव्हा वाद गाजत होता तो असा : जिथे निशाण जाते तिथे त्याच्यामागून राज्यघटनाही जाते काय? स्पेनकडून मिळालेल्या पोर्तो रिको या कॅरिबियन बेटासाठी १९०० साली जो कायदा झाला, त्यात तिथून येणाऱ्या मालावर नेहमीच्या आयात शुल्काच्या १५ टक्के शुल्क ठेवले होते. राज्यघटना म्हणते की जकात संपूर्ण अमेरिकेत सारखी असली पाहिजे. एका व्यापारी पेढीची संत्री सॅन हुआनहून न्यूयॉर्कला आली, तिने निषेध नोंदवून ६५९ डॉलर ३५ सेंट शुल्क भरले आणि ते परत मिळावे म्हणून दावा लावला. पोर्तो रिको अमेरिकेत असेल तर हे शुल्क बेकायदा, नसेल तर कायदेशीर. डाउन्स विरुद्ध बिडवेल या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे.

२७ मे १९०१ रोजी निकाल लागला आणि कायद्याच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी पाहावा असा आहे. त्याच दिवशी दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, जकातीच्या कायद्यापुरता पोर्तो रिको आता परदेश राहिलेला नाही. आणि डाउन्सच्या खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, सांगितले की घटनेतल्या जकातीच्या कलमापुरता तो अमेरिकेचा भागही नाही. दोन्हीकडे बहुमतात असलेले एकमेव न्यायमूर्ती ब्राउन होते. १८९६ साली रेल्वेच्या डब्यांत काळ्यांसाठी वेगळी जागा ठेवणे घटनेला धरून आहे असा निकाल लिहिणारे ते हेच. पुढे टिकली ती न्यायमूर्ती व्हाइट यांची मांडणी. तिच्यानुसार प्रदेश दोन प्रकारचे : संघात समाविष्ट केलेले आणि न केलेले. पोर्तो रिको आंतरराष्ट्रीय दृष्टीने परदेश नाही, कारण त्यावर अमेरिकेची सत्ता आहे आणि तो तिच्या मालकीचा आहे. परंतु घरगुती अर्थाने तो परकाच आहे, कारण काँग्रेसने त्याला समाविष्ट केलेले नाही. अशा प्रदेशात घटनेतले फक्त मूलभूत हक्क लागू होतात, आणि मूलभूत कोणते ते न्यायालय वेळोवेळी ठरवणार. १९०४ मध्ये ठरले की फिलिपिन्समध्ये ज्यूरीपुढे खटला चालवण्याचा हक्क त्यांत येत नाही. रेल्वेच्या खटल्यात एकटे विरोधात उभे राहिलेले न्यायमूर्ती हार्लन याही वेळी विरोधात होते. घटनेबाहेर राहून काँग्रेसने कुठे राज्य करावे ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती.

या निकालाने काय साधले ते पाहावे. प्रदेश ताब्यात ठेवता आला, त्याला राज्य करण्याचे वचन द्यावे लागले नाही, तिथल्या माणसांना नागरिक करावे लागले नाही, आणि वसाहत हा शब्दही वापरावा लागला नाही. फिलिपिनो माणसाची अमेरिकेशी निष्ठा अपेक्षित होती, तो परदेशी नव्हता आणि नागरिकही नव्हता. त्याला ‘नॅशनल’ असे म्हणत. या विचित्र स्थितीचा एक उपयोग त्यांनी करून घेतला. परदेशी नसल्यामुळे आशियातल्या इतरांना बंद झालेली दारे त्यांना लागू नव्हती, आणि हजारो फिलिपिनो मजूर हवाईच्या ऊसमळ्यांत आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांत गेले.

टाफ्ट यांच्या कारकिर्दीत शाळा, रस्ते, आरोग्य ही कामे झाली हे नाकारण्याचे कारण नाही. ‘टॉमस’ या जहाजातून ऑगस्ट १९०१ मध्ये सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक आले आणि इंग्रजी ही शिक्षणाची भाषा झाली. १९०७ साली निवडून आलेली विधानसभाही बसली. पण १९०९ पासून अमेरिकेशी जो शुल्कमुक्त व्यापार सुरू झाला, त्याने साखर, नारळ आणि केळीच्या जातीचा मनिला वाख या मोजक्या पिकांत सारी शेती अमेरिकी बाजाराला बांधली गेली, आणि मोठ्या जमीनदार घराण्यांचे बस्तान अधिकच बसले.

क्यूबाचे काय झाले, असे कोणी विचारेल. तिथे वचन पाळले गेले, पण मागच्या दाराने त्याची धार काढून. १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीतल्या अटी क्यूबाला आपल्या घटनेत घालाव्या लागल्या : कर्जावर मर्यादा, परराष्ट्रांशी करारांवर बंधन, अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क, आरमारी तळासाठी जागा. ग्वांतानामो त्यातूनच १९०३ मध्ये भाड्याने गेले. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये वसईला कशावर सही केली ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. गादी राहते, गादीची अक्कल दुसरीकडे जाते. पनामाची कथा सर्वांना माहीत असल्याने तिच्यात शिरत नाही. नोव्हेंबर १९०३ मध्ये कोलंबियापासून तो प्रांत फुटला तेव्हा अमेरिकी युद्धनौका किनाऱ्याला उभ्या होत्या आणि पंधरा दिवसांत कालव्याचा करार झाला, इतके पुरे.

फिलिपिन्सला स्वातंत्र्य देण्याचा कायदा १९३४ साली झाला. त्यामागे फिलिपिनो नेत्यांची चिकाटी होती, तशीच महामंदीत सापडलेल्या अमेरिकी साखर, दूध आणि सरकी-तेल उत्पादकांची, बाहेरची स्वस्त साखर आणि खोबरेल थांबवावे अशी ओरडही होती. त्याच कायद्याने फिलिपिनोंना परदेशी ठरवून त्यांचे वर्षाचे प्रवेश ५० माणसांवर आणले, स्वातंत्र्याला अजून दहाबारा वर्षे असताना. स्वातंत्र्य आले ४ जुलै १९४६ रोजी, अमेरिकेच्याच स्वातंत्र्यदिनी. १९६२ मध्ये फिलिपिन्सने आपला स्वातंत्र्यदिन बदलून १२ जून केला, म्हणजे अगिनाल्दो यांनी कावितला झेंडा उभारला तो दिवस.

डाउन्सचा निकाल मात्र अजून रद्द झालेला नाही. पोर्तो रिकोच्या रहिवाशांना १९१७ साली नागरिकत्व मिळाले, तरी बेटावर राहतात तोवर त्यांना अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही आणि प्रतिनिधिगृहातल्या त्यांच्या एकमेव प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्क नाही. २०२२ मध्ये बेटावरच्या एका अपंग रहिवाशाला मिळणारे साहाय्य न्यायालयाने नाकारले, तेव्हा न्यायमूर्ती गोर्सच यांनी स्वतंत्र मत लिहून सांगितले की, १९०१ च्या या खटल्यांना घटनेत आधार नाही आणि ते मोडीत काढले पाहिजेत. पण त्या खटल्यात तो मुद्दा निर्णयासाठी आलेला नव्हता. १९०० साली घेतलेल्या अमेरिकी सामोआत जन्मलेल्या माणसाच्या पासपोर्टवर आजही एक नोंद छापलेली असते : हा पासपोर्टधारक अमेरिकेचा नॅशनल आहे, अमेरिकेचा नागरिक नाही.